आपल्यातला न्याय म्हणजे कुणाचा न्याय?

"त्यांच्यातलं त्यांना बघू द्या, आपण कशाला मधी पडायचं?" हे वाक्य आपल्या बैठकांत सारखं कानावर येतं. जातपंचायतीचा विषय निघाला की येतं, तलाकचा निघाला की येतं. आणि त्याच बैठकीत मागच्या सतरंजीवरून दुसरा बोलतो, "एकच कायदा लावा सगळ्यांना, म्हणजे सरळ होतील." बोलणारी दोन्ही पोरं आपलीच. बाबासाहेबांचं नाव दोघांच्याही तोंडी. मला ही दोन्ही वाक्यं पटत नाहीत. का पटत नाहीत ते मांडायला बसलोय.

मी वकील नाही, प्राध्यापक नाही. टिंबर मार्केटातल्या एका सॉ मिलमध्ये ओंडके चढवतो, फळ्या उतरवतो. शाळा अर्ध्यात सुटली. पुढचं शिक्षण रद्दीतल्या पुस्तकांनी आणि वाचनालयातल्या लाकडी बाकड्यांनी केलं. तेव्हा भाषा ओबडधोबड वाटली तर वाटू द्या. मुद्दा तपासून घ्या.

आमच्या मिलमध्ये माझ्याच वयाची तिघं आहेत. एक इथलाच, पेठेतला मुसलमान. एक कंजारभाट. आणि एक सातपुड्याच्या पायथ्याचा, यावलकडचा तडवी भिल्ल. तडवी म्हणजे आदिवासी आणि धर्मानं मुसलमान. सरकारच्या यादीत अनुसूचित जमात. जेवणाच्या सुट्टीत भुशाच्या पोत्यांवर बसून या विषयावर आमची किती भांडणं झाली त्याला गणती नाही.

पेठेतला म्हणतो, "शरियत खुदाची आहे, तिच्यात खोट नाही. खोट आमच्या बुढ्ढ्यांमध्ये आहे. कुराण म्हणतं दोन्हीकडचा एकेक पंच बसवा, थांबा, विचार करा. यांनी एका दमात तीन शब्द बोलून बाईला रस्त्यावर काढलं, आणि वर त्याला इस्लाम म्हणाले."

कंजारभाट म्हणतो, "कोर्टात गेलो तर म्हातारा होईन. आमचे पंच एका बैठकीत निकाल देतात. पण निकाल कुणाच्या बाजूनं लागणार हे बैठकीआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याचा खिसा जड, त्याच्या."

तडवी फार बोलत नाही. एकदाच म्हणाला, "आम्ही आधी आदिवासी का आधी मुसलमान, हे लोक आम्हाला विचारतात. माझ्या बहिणीला शेतात वाटा आहे का नाही, हे कुणीच विचारत नाही."

माझ्या मते सगळा प्रश्न त्याच्या या शेवटच्या वाक्यात आहे. रूढी श्रेष्ठ का धर्मग्रंथ श्रेष्ठ, या वादात शहाणी माणसं आयुष्य घालवतात. पण ज्या बाईवर हा कायदा पडतो, तिच्यासाठी दोन्हींचा हिशेब शेवटी एकच होतो. कसा, ते इतिहासात बघा.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८२७ साली रेग्युलेशन काढलं. दिवाणी दाव्यात आधी सरकारचा कायदा बघा, तो नसेल तर मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. म्हणजे ग्रंथाच्या आधी रूढी. त्याच सुमाराला आर्थर स्टील नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचं पुस्तक तयार केलं. त्यासाठी विचारलं कुणाला? शास्त्र्यांना आणि जातीच्या पुढाऱ्यांना. जो पंच, तोच साक्षीदार. त्यानं सांगितलं ती रूढी, आणि रूढी म्हणजे कायदा. रांडपण भोगणारीला, मुरळी सोडलेलीला, गावाबाहेर बसवलेल्याला कोण विचारतो?

मग १८४७ साल. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घरांतल्या वारसाचे दावे उभे राहिले. बाया म्हणाल्या, आम्ही मुसलमान आहोत, कुराणानं मुलीला वाटा दिलाय, तो आम्हाला द्या. कुराणात तो आहेच. मुलाला दोन तर मुलीला एक. निम्मा का होईना, पण लिहून ठेवलेला हक्क आहे, आणि तोही सातव्या शतकातला. पुरुष म्हणाले, आमच्या जमातीत बाईला वारसा द्यायची चाल नाही. न्यायमूर्ती पेरींनी पुरुषांचं मानलं. रूढी जिंकली, कुराण हरलं. हरवणारे कुराण डोक्यावर घेणारेच होते.

पुढं १९३७ साली शरियत कायदा आला. रूढी काहीही असो, मुसलमानाला शरियत लागू. नव्वद वर्षांनी बाईचा वाटा कायद्यात आला. पण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक कंस आहे, शेतजमिनीचे प्रश्न वगळून. त्या कंसानं काय केलं बघा. ज्याची इस्टेट म्हणजे पेढी, दुकान, घर, त्याच्या मुलीला ग्रंथाचा आधार मिळाला. ज्याची इस्टेट म्हणजे चार एकर कोरडवाहू, त्याच्या मुलीपुढं रूढीला दार उघडंच राहिलं. माझ्या दोस्ताच्या बहिणीचं शेत त्या कंसात आहे. तिच्या वाट्याचं आदिवासीपणही तिला वाचवत नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिथंही पुन्हा रूढीच. छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना आजोबांच्या जमिनीत समान वाटा मिळायला २०२५ चा जुलै उजाडावा लागला, आणि तोही सुप्रीम कोर्टातून.

आता उलटी बाजू बघा. आपल्या आज्यांच्या काळात आपल्या जातींत पाट होता, म्होतूर होता. नवरा मेला तर बाई दुसरं घर करायची. पटलं नाही तर काडीमोड होती. हे स्वातंत्र्य रूढीनं दिलेलं. बामणी ग्रंथात ते नव्हतं. हिंदू कोड बिलावर सनातनी बोंबलले की घटस्फोटानं धर्म बुडेल, तेव्हा बाबासाहेबांनी हेच दाखवून दिलं. ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता त्या बहुसंख्य जातींत काडीमोड आधीपासून आहे, मग धर्म कुणाचा बुडतोय? पण आपल्यातलाही एखादा घराणा जरा वर सरकला, चार पैसे गाठीला आले, की पहिलं काय केलं? पाट बंद केला. "आपल्यात शोभत नाही" म्हणाला. तिथं त्याला अचानक ग्रंथ आठवला.

म्हणजे डाव असा आहे. ग्रंथ बाईला काही देतो तिथं पुरुष रूढी काढतो. रूढी बाईला काही देते तिथं पुरुष ग्रंथ काढतो. दोन वह्या ठेवणाऱ्या सावकारासारखं. ज्या वहीत आपलं येणं दिसतं, ती उघडायची. हे हिंदूंत आहे, मुसलमानांत आहे, आदिवासींत आहे, आपल्यात आहे. म्हणून "तुमचा धर्म वाईट, आमचा चांगला" ही भाषा मला फसवी वाटते. वही कुणाच्या हातात आहे, एवढं विचारा.

पण मित्रांनो, इथं थांबलो तर अर्धंच बोललो असं होईल. पंचायत फक्त जुलमातून जन्मली नाही. ती आडोसाही होती.

कंजारभाट, पारधी, कैकाडी अशा जमातींना इंग्रजांनी १८७१ पासून कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. हजेरी, दाखला, तारेचं कुंपण. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसाची नजर गेली नाही. कुठं चोरी झाली की पाल उचकटतात. अशा माणसानं भांडण झालं तर चौकीत जायचं? त्यानं आपल्यातच पंच नेमला, आपल्यातच मिटवलं. आपल्या बापजाद्यांचीही जातपंचायत होतीच. गावच्या चावडीवर आपल्याला खाली बसवायचे, मग न्याय कुठं मागणार?

मुसलमानांचंही तसंच. २०१४ च्या जूनमध्ये इथं हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या एका इंजिनियर पोराला जमावानं ठार मारलं. त्या रात्री पेठेतल्या आईनं आपल्या पोरांना काय सांगितलं असेल? आपल्या माणसांत राहा. चहूबाजूंनी घेरलेला माणूस घराची भिंत पाडून नवी बांधत नाही, आहे तीच घट्ट धरतो. भिंतीतल्या विटा कुजल्यात हे त्यालाही दिसतं. पण बाहेर कोण उभंय तेही दिसतं.

आणि रूढी चांगली चालू शकते हेही खरं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं घ्यायचा, बायाही सभेत बसणार, बोलणार, एकाचाही विरोध असला तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. २००९ साली या गावानं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचं नाव घेतात. हीसुद्धा रूढीच. तिच्यापुढं मी टोपी काढतो.

मग कंजारभाटांची पंचायत आणि मेंढ्याची सभा यांत फरक काय? दोन्ही जुन्या. दोन्ही "आमच्या". माझ्या मते फरक दोन ठिकाणी आहे. पहिला, ज्याच्यावर निर्णय पडणार त्याला तिथं तोंड आहे का. दुसरा, तो "नाही" म्हणाला तर त्याचं काय होतं.

या दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबू. कंजारभाट पोरीच्या लग्नाच्या रात्री पांढरी चादर घालायची आणि सकाळी पंचांपुढं तिचा निकाल लावायचा, ही चाल मोडायला त्याच जमातीची शिकलेली पोरं-पोरी उभी राहिली. "स्टॉप द व्ही रिच्युअल" नावानं त्यांनी मोहीम चालवली. २०१८ च्या जानेवारीत आपल्या पिंपरीत एका लग्नात त्यातल्या तिघांना मारहाण झाली. त्यांची मागणी काय होती? आमच्या बहिणीच्या अंगाची तपासणी नको. एवढीच. पंचांकडं तिला उत्तर नव्हतं, म्हणून हात उचलला. आणि हातापेक्षा मोठं हत्यार त्यांच्याकडं आहेच. वाळीत टाकणं. लग्नाला बोलावणं बंद, मयताला खांदा बंद, पोरींना स्थळ बंद.

हेच हत्यार दाऊदी बोहऱ्यांच्या धर्मगुरूंकडं आहे. सुधारकाला जमातीबाहेर काढायचं. मशीद बंद, कब्रस्तान बंद, सख्ख्या आईनं तोंड फिरवायचं. मुंबई सरकारनं १९४९ साली त्याविरुद्ध कायदा केला. १९६२ साली सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, धर्माच्या स्वातंत्र्याच्या नावानं. २०२३ साली हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडं पाठवला गेला. साठ वर्षं एक माणूस कबरीच्या जागेसाठी भांडतोय आणि कोर्ट विचारतंय, स्वातंत्र्य धर्मगुरूचं का माणसाचं?

बहिष्कार हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी १९२४ साली सभा काढली तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी. १९२७ साली पाक्षिक काढलं त्याचं नाव बहिष्कृत भारत. पाणी, रस्ता, देऊळ, गिरण, सगळीकडून हाकललेल्यांनी तोच शब्द कपाळावर लावून लढाई केली. मग दुसरा कुणी वाळीत पडला आणि आपण म्हणालो "त्यांच्यातलं त्यांना बघू द्या", तर बहिष्कृत हा शब्द वापरायचा आपला हक्क संपला. म्हणून पहिलं वाक्य मला पटत नाही.

आता दुसरं वाक्य. "एकच कायदा लावा सगळ्यांना."

याच पुणे शहरात २२ मार्च १९७० ला हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्याआधी १८ एप्रिल १९६६ ला सात मुसलमान बायांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. फक्त सात बाया! आपण सातशेचा मोर्चाही छोटा म्हणतो. बहिणीला तलाक मिळाला म्हणून पेटून उठलेले पुण्याचे सय्यदभाई पुढं पन्नास वर्षं याच कामात राहिले. आपल्या आत्मकथनाला त्यांनी नाव दिलं 'दगडावरची पेरणी'. या माणसांनी शिव्या खाल्ल्या त्या आपल्याच लोकांच्या. मंडळाच्या नावात सत्यशोधक हा शब्द आला तो जोतिबांकडून, १८७३ साली इथंच सुरू झालेल्या समाजाकडून.

पण तलाकवर कायदा आला २०१९ ला. त्याआधी २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं एका दमातला तीन तलाक रद्द केलाच होता. ते बायांनी स्वतः लढून मिळवलं. कुणी घटना हातात घेऊन, कुणी कुराण हातात घेऊन, कुणी दोन्ही घेऊन. २०१९ च्या कायद्यानं मात्र तो शब्द उच्चारणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग दिला. मी विचारतो, बायको नुसती टाकून देणारा हिंदू नवरा किती वर्षं आत जातो? आपल्या वस्तीत टाकलेल्या बाया कमी आहेत का? पोटगीच्या तारखा घेत फिरतात, नवरा चौकात पान खात उभा असतो. त्याला कुणी गुन्हेगार म्हणत नाही.

२०२५ च्या जानेवारीत उत्तराखंडात समान नागरी कायदा लागू झाला. नाव समान, पण अनुसूचित जमाती त्यातून बाहेर. आदिवासींच्या रूढीचा मान राखला म्हणे. राखा की. पण मग रूढी कुणाची राखायची आणि कुणाची मोडायची, हे ठरवणारा कोण? पुन्हा वही त्याच्याच हातात. आणि त्याच कायद्यात लग्न न करता एकत्र राहणाऱ्या पोरापोरींनी सरकारदरबारी नोंद करायची. पंच खोलीबाहेर बसायचे, आता सरकार बसणार.

बाबासाहेब समान नागरी कायद्याच्या बाजूनं होते, यात शंका नको. २३ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी ठणकावून सांगितलं की शरियत सगळीकडं सनातन काळापासून एकच आहे हे खोटं आहे. सरहद्द प्रांतात १९३५ पर्यंत वारशाच्या बाबतीत मुसलमान हिंदू कायद्यानं चालत होते. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक वाट दाखवली, ती आपली पोरं विसरतात. पुढच्या संसदेला सुरुवात अशी करता येईल की जो स्वतःहून म्हणेल "मला हा कायदा हवा", त्यालाच तो लागू. अख्ख्या जमातीवर दट्ट्या नाही, आणि जमातीच्या म्हाताऱ्यांच्या परवानगीची वाटही बघायची नाही. एकेका माणसाला दार उघडं. त्याच महिन्याच्या ४ तारखेला त्यांनी सांगितलं होतं की या घटनेनं घटक धरलाय तो गाव नाही, व्यक्ती आहे. या दोन गोष्टी जोडून वाचा. मला जे म्हणायचंय ते त्यात आहे.

आपल्यातला न्याय तोच खरा, ज्यातून माणूस बाहेर पडू शकतो आणि बाहेर पडला तरी उपाशी, बेघर, बेवारस होत नाही. दार उघडं असूनही जो आत राहतो, त्याची श्रद्धा खरी. माझा पेठेतला दोस्त पाच वेळा नमाज पढतो, रोजे धरतो. तो कुणाच्या भीतीनं मुसलमान नाही. त्याच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. दलवाईंनी मेल्यावर दफन नको, दहन करा, विधी नको असं सांगून ठेवलं होतं. त्यांचाही हक्क तेवढाच. जोतिबांनी शेवटच्या पुस्तकात असं घर सांगितलं की जिथं बाई बौद्ध होईल, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळी एकमेकांचा द्वेष न करता एका छपराखाली नांदतील. त्या घरात पंच कुणाला नेमणार? कुणालाच नाही. म्हणून तर ते घर आहे.

आता आपलं घर. बावीस प्रतिज्ञा आपण पाठ केल्या. पण पोरीनं मातंगाच्या, चांभाराच्या, मुसलमानाच्या पोराशी लग्न केलं की विहाराच्या पायरीवर भावकी बसते. "समाज काय म्हणेल" हे वाक्य आपल्यात मेलेलं नाही. बुद्धवंदना म्हणून हुंडा घेतला जातो. याला पंचायत म्हणत नाहीत एवढंच. दुसऱ्याच्या पंचावर बोलायच्या आधी आणि बोलताना हे मोडायला लागेल. आधी आपलं सगळं साफ करू मग बोलू, असं मी म्हणत नाही. ती पळवाट आहे. दोन्ही एकदम करू.

कामं साधी आहेत. २०१६ साली महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना त्याची कलमं ठाऊक आहेत? चौकीतला हवालदार "आपसात मिटवा" म्हणेल तेव्हा तक्रारदाराच्या शेजारी बसायला कोण जाणार? १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं जात-धर्म न सोडता लग्न करता येतं, पण तीस दिवस नोटीस लागते, आणि त्या तीस दिवसांत पोरीचं काय होतं हे आपण बघतोच. ते तीस दिवस तिला कुणाच्या घरी राहायला जागा आहे? त्या पिंपरीच्या पोरांसारखी कुणी उद्या उभी राहिली, तर त्यांच्या पुढं नाही, बाजूला उभं राहायचं. बोलायचं त्यांनी. मार अंगावर घ्यायला मात्र आपण हवेत.

आणि कुणी पुन्हा म्हणालं, "हे आमच्यातलं आहे", तर वाद घालू नका. एवढंच विचारा, तुमच्यातल्या सगळ्यात गरीब बाईला बोलवा, ती काय म्हणते ते आम्हाला ऐकू द्या. ती बोलेपर्यंत आपण उठायचं नाही.

जय भीम.